शकुंतलेच्या आठवणी भंगारात जाऊ देऊ नका!

मूर्तिजापूर, कारंजा, दारव्हा, यवतमाळ, दर्यापूर, अंजनगाव, अचलपूर आणि मधल्या सर्व गावांतल्या बंधू-भगिनींनो,

आपली शकुंतला रेल्वे आता धावत नाही. स्टेशनं ओस पडली, रुळांत झुडपं माजली. ब्रॉडगेजची मागणी आपण करतच राहू. पण मोठी गाडी आली तरी छोट्या गाडीचं जग परत येणार नाही.

वऱ्हाडच्या कापसासाठी ही अडीच फुटी लाइन पडली. मूर्तिजापुरातून एक फाटा यवतमाळला, ११३ किलोमीटर. दुसरा अचलपूरला, ७६ किलोमीटर. जिनिंगमधल्या गाठी छोट्या गाडीनं मूर्तिजापूरला यायच्या, हमालांच्या पाठीवरून मोठ्या लाइनीच्या डब्यात चढायच्या आणि मुंबई बंदरातून मँचेस्टरला जायच्या. त्याच मँचेस्टरात १९२१ साली बांधलेलं वाफेचं इंजिन १५ एप्रिल १९९४ पर्यंत आपली गाडी ओढत होतं. देशभरच्या रेल्वेचं राष्ट्रीयीकरण झालं, ही लाइन मात्र किलिक-निक्सनच्या खासगी कंपनीकडेच राहिली.

एवढा इतिहास कागदोपत्री सापडतो. फाटक लावायला गाडीतूनच उतरणारा माणूस, तिकिटं देणारा गार्ड, गाठी वाहून खांद्याला पडलेले घट्टे मात्र कुठल्याच दप्तरात नाहीत. ते ज्यांनी पाहिलं, ती माणसं आता थकली आहेत.

म्हणून कळकळीची विनंती:

१. घरात किंवा शेजारी कुणी गँगमन, पॉइंट्समन, हमाल असतील, तर त्यांच्याजवळ बसा. ते बोलतील तसं, त्यांच्याच वऱ्हाडीत, मोबाइलवर रेकॉर्ड करा.

२. पुठ्ठ्याची तिकिटं, बिल्ट्या, जुने फोटो रद्दीत घालू नका. फोटोमागे पेन्सिलीनं गाव, साल आणि माणसांची नावं लिहा.

३. स्टेशनातली पाटी, घंटा, कंदील आठवण म्हणूनही घरी नेऊ नका. ते जागेवरच राहू द्या.

४. जमवलेल्याची एक प्रत गावच्या वाचनालयात द्या. शिक्षकांनी मुलांना आजी-आजोबांच्या रेल्वेप्रवासावर लिहायला सांगावं.

रूळ कंपनीचे होते, गाडी सरकार चालवायचं. आठवणी तेवढ्या आपल्या आहेत आणि त्या सांभाळायला दुसरं कुणी येणार नाही. आज संध्याकाळीच घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा : तुम्ही शकुंतलेत पहिल्यांदा कधी बसलात?

आपले,
शकुंतलेचे जुने प्रवासी