स्वादुपिंड : एक अवयव, दोन खाती

गेल्या पावसाळ्यात आमच्या वस्तीतील एका मावशींच्या उजव्या पायाची दोन बोटे कापावी लागली. मधुमेह जुना. गोळ्या पुरेनाशा झाल्या म्हणून डॉक्टरांनी इन्सुलिन सुरू केले होते. कुणीतरी सांगितले, "एकदा इंजेक्शनाची सवय लागली की सुटत नाही." मावशींनी सुई बंद केली आणि कारल्याचा रस सुरू केला. पुढे पायात खिळा गेला. मधुमेहाने पाय बधिर झालेले, म्हणून तो कळलाही नाही. जखम चिघळत गेली. सुई बंद केल्याचे आम्हाला ठाऊक होते. "भाऊ, सुईची कटकट गेली बघा," असे मावशी स्वतः म्हणाल्या होत्या आणि आम्ही "बरं झालं" म्हणून कचेरीची वाट धरली होती.

शस्त्रक्रियेच्या दिवशी सरकारी रुग्णालयातील एका तरुण डॉक्टरांनी केसपेपरच्या पाठीवर स्वादुपिंडाचे चित्र काढून आम्हाला समजावले. आम्ही बी.कॉम. झालेले कारकून. हिशेब कळतो, पण शरीर कळत नव्हते. त्या दिवशी जे उमगले आणि नंतर वाचून जे समजले, ते वाचक बंधू-भगिनींपुढे ठेवीत आहोत.

स्वादुपिंड जठराच्या मागे, पाठीच्या कण्यासमोर आडवे असते. लांबी सुमारे 15 सेंटिमीटर, म्हणजे शाळेतील लहान पट्टीएवढी. वजन 100 ग्रॅमच्या आतबाहेर. त्याचे डोके लहान आतड्याच्या सुरुवातीच्या वळणात बसलेले असते आणि शेपटी डाव्या बाजूला प्लीहेपर्यंत जाते. इतके आत दडलेले असल्यामुळे पोट चाचपून ते सहसा हाताला लागत नाही.

या एका अवयवात दोन खाती चालतात. पहिले खाते पचनाचे. स्वादुपिंडाचा बहुतेक भाग याच कामात गुंतलेला असतो. रोज सुमारे दीड लिटर पाचकरस तयार होऊन नळीवाटे लहान आतड्यात जातो. त्यात भाकरी-भातातील पिष्ट फोडणारे अमायलेज, तेल-तूप पचविणारे लायपेज आणि डाळी-मांसातील प्रथिनांसाठी ट्रिप्सिन असते. जठरातून आलेल्या अन्नाची आम्लता घालविणारा क्षारही त्यातच असतो. ट्रिप्सिन स्वादुपिंडात निष्क्रिय रूपात राहते व आतड्यात पोचल्यावरच जागे होते. ते आधीच जागे झाले तर स्वादुपिंड स्वतःलाच पचवू लागते. त्याला दाह होणे म्हणतात. पित्ताशयातील खडे आणि दारू ही त्याची दोन मोठी कारणे. दारूने लिव्हर जाते हे सर्वांना माहीत असते, स्वादुपिंडही जाते हे फार थोड्यांना. बेंबीच्या वर असह्य कळ येऊन ती पाठीत जात असेल आणि उलट्या होत असतील, तर पित्त झाले म्हणून घरी सोडा पीत बसू नये. तडक रुग्णालय गाठावे.

दुसरे खाते साखरेचे. 1869 साली पॉल लँगरहान्स या जर्मन विद्यार्थ्याला सूक्ष्मदर्शकाखाली स्वादुपिंडात पेशींची वेगळी बेटे दिसली. अशी सुमारे दहा लाख बेटे असतात, पण साऱ्यांचे मिळून वजन एक-दोन ग्रॅमच भरते. त्यांतील बीटा पेशी इन्सुलिन तयार करतात आणि अल्फा पेशी ग्लुकॅगॉन. इन्सुलिन रक्तातील साखर पेशींत पोचविते. साखर कमी पडली की ग्लुकॅगॉन यकृतातील साठा मोकळा करते. एक जमा पाहतो, दुसरा खर्च. आम्ही हिशेब मांडून पाहिला. शरीरात सुमारे पाच लिटर रक्त आणि उपाशीपोटी 100 मिलिलिटरला 100 मिलिग्रॅम साखर धरली, तर सगळ्या रक्तात मिळून साखर भरते पाच ग्रॅम. म्हणजे चहाचा एक चमचा! एवढी बारीक शिल्लक ही बेटे रात्रंदिवस सांभाळतात.

मधुमेहाच्या पहिल्या प्रकारात बीटा पेशीच नष्ट होतात. आपल्याकडे अधिक आढळणाऱ्या दुसऱ्या प्रकारात शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही. बीटा पेशी वर्षानुवर्षे जादा काम करतात आणि शेवटी थकतात. मावशींचे तेच झाले होते. म्हणून इन्सुलिन ही सवय नव्हे. शरीराला जे पुरेसे करता येत नाही, तेच आपण बाहेरून भरतो. चष्मा लावणाऱ्याला कुणी व्यसनी म्हणत नाही.

हे औषध आले नव्हते तेव्हा पहिल्या प्रकारची मुले काही महिन्यांत वा वर्षांत दगावत. 1921 साली कॅनडातील टोरांटो येथे बँटिंग व बेस्ट यांनी कुत्र्याच्या स्वादुपिंडातून अर्क काढला. 11 जानेवारी 1922 रोजी लिओनार्ड थॉम्सन या 14 वर्षांच्या मुलाला स्वादुपिंडाचा अर्क प्रथम टोचला. अर्क पुरेसा शुद्ध नव्हता. कॉलिप यांनी तो शुद्ध केल्यावर पुन्हा दिला आणि मुलगा सावरला. पुढे या संशोधनाचे पेटंट विद्यापीठाला नाममात्र एका डॉलरला दिले गेले. ज्या औषधासाठी एवढे झाले, ते आपण ऐकीव गोष्टीवरून फेकून द्यावे काय?

सतत तहान, वारंवार लघवी, वजन उतरणे, जखम न भरणे, यांपैकी काही जाणवल्यास रक्त तपासून घ्यावे. उपाशीपोटीची साखर 126 किंवा अधिक आली, तर पुन्हा तपासून डॉक्टर निदान करतात. पथ्य आणि चालणे हवेच, पण औषध डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नये. इन्सुलिन घेणाऱ्याला घाम सुटला, हातपाय थरथरले, बोलणे असंबद्ध झाले, तर शुद्ध आहे तोवर लगेच साखर द्यावी. आणि रोज रात्री तळपाय पाहावेत.

आता कचेरीला जाताना आम्ही मावशींच्या दारात थांबतो. आम्ही विचारण्याआधीच त्या आतून ओरडतात, "घेतली हो भाऊ, सुई!" हे विचारणे आम्ही एक वर्ष आधी सुरू करायला हवे होते. आपल्या शेजारीही अशा एखाद्या मावशी असतील. त्यांना आजच विचारा.