पुण्याची बिअर आणि मराठी ताट

कोणत्याही मुलखातले पेय त्या मुलखातल्या अन्नाच्या सान्निध्यातच आपले खरे गुणदोष प्रकट करते, हे द्राक्षासवाच्या बाबतीत आपण निमूटपणे मान्य करतो. आणि बव्हेरियातल्या माणसाला, सकाळच्या पांढऱ्या सॉसेजबरोबर गव्हाची बिअर का घ्यावी, हे कोणी पढवावे लागत नाही. आपल्याकडे मात्र, गेल्या दीड दशकात पुण्यासारख्या शहरात अत्यंत सुबक अशी क्राफ्ट बिअर तयार होऊ लागली असूनही, ती चाखण्याचा शिरस्ता परकाच राहिला आहे : खारे शेंगदाणे, फ्रेंच फ्राइज, मेयोनेजमध्ये बुडवलेली कोंबडी आणि बर्फासारखा गार ग्लास. माझे आजचे प्रतिपादन असे आहे, की या बिअरची परीक्षा मराठी स्वयंपाकाच्या कसोटीवर झाली पाहिजे. आणि तशी ती केली असता, आज जिचा सर्वाधिक गौरव होतो त्या कडवट बिअरपेक्षा निराळ्याच बिअर आपल्या ताटाला अधिक शोभतात, असे आढळून येते.

ही परीक्षा आजवर झाली नाही याला इतिहास कारण आहे. मुंबई इलाख्यात १८७८ च्या अबकारी कायद्याने मद्याला महसुलाच्या चौकटीत बसवले आणि १९४९ च्या दारूबंदी कायद्याने त्याला निषेधाच्या व परवान्याच्या चौकटीत नेऊन ठेवले. या दोन्ही चौकटींत कर, हुकूम व शिक्षा यांचा विचार तपशिलाने झाला, परंतु चवीच्या विचाराला तेथे जागाच नव्हती. जी वस्तू घराबाहेर, अंधाऱ्या खोलीत आणि घाईघाईने प्यायची, तिला घरच्या स्वयंपाकाशी नाते जोडण्याची संधी कोठून मिळणार? तिच्या वाट्याला चखणा आला. चखण्याचे काम तहान वाढविण्याचे, चव खुलविण्याचे नव्हे. आजही बिअर पिण्यास कायद्याने वयाची २१ वर्षे पूर्ण असावी लागतात व परवानाही लागतो, आणि ते बंधन प्रत्येकाने पाळावे. परंतु कायद्याच्या मर्यादेत राहून जो पितो, त्याने तरी डोळसपणे प्यावे, एवढी अपेक्षा गैर नाही.

पुण्यात हे दालन उघडले ते २००९ साली, ज्या वर्षी डूलाली ही देशातल्या अगदी आरंभीच्या मायक्रोब्रुअरींपैकी एक येथे सुरू झाली आणि ओलिव्हर शाउफ या जर्मन ब्रूमास्टरच्या हाताने गव्हाची ताजी बिअर पुणेकरांच्या पुढ्यात आली. पुढे मुंढव्याच्या इंडिपेंडन्स ब्रुइंग कंपनीने अमेरिकी वळणाच्या, हॉप्सने सुगंधित बिअरची ओळख करून दिली. ग्रेट स्टेट एलवर्क्सने कोकम आणि मीठ घालून आंबट बिअर केली. आणि आज या शहरातला जिज्ञासू मनुष्य एका संध्याकाळी चार निरनिराळ्या परंपरांच्या बिअर शेजारी शेजारी ठेवून त्यांची तुलना करू शकतो. असे भाग्य आपल्या आधीच्या पिढीला लाभले नव्हते.

तुलना करायची तर आधी घटक ध्यानात घ्यावेत. १५१६ साली बव्हेरियात जे प्रसिद्ध फर्मान निघाले, त्यात बिअरसाठी जव, हॉप्स आणि पाणी एवढ्या तीनच वस्तूंना मुभा होती. चौथे द्रव्य जे यीस्ट, त्याचे कार्य त्या काळी कोणास उमगलेले नसल्यामुळे त्याचा नामोल्लेखही त्यात नाही. प्रत्यक्षात बिअरचे निम्मे व्यक्तिमत्त्व हे यीस्टच घडविते. भिजवून, मोड आणून, वाळवून भाजलेल्या धान्यातून, म्हणजे माल्टमधून, गोडवा व रंग येतो. हॉप्सच्या फुलांतून कडवटपणा व सुगंध येतो. आणि यीस्ट साखरेचा मद्यार्क करता करता फळांचे व मसाल्यांचे गंध निर्माण करते. चाखण्याची रीत यातूनच ठरते. लहान ग्लास घ्यावेत, फिकट बिअरपासून गडद बिअरकडे जावे, प्रथम हुंगावे व मग घोट घ्यावा. आणि मुख्य म्हणजे ती गोठविलेल्या ग्लासात घेऊ नये, कारण अतिशीत द्रवातून गंध वर उठत नाहीत आणि जीभही बधिर होते. गव्हाच्या बिअरला ७ ते ८ अंश आणि गडद बिअरला १० ते १२ अंश सेल्सिअस एवढी उष्णता पुरेशी होते.

आता ताटाकडे वळू. जर्मन पद्धतीच्या गव्हाच्या बिअरमध्ये निम्म्याहून अधिक माल्ट गव्हाचे असते, कडवटपणा अत्यल्प असतो, आणि तिच्या विशिष्ट यीस्टमुळे पिकलेल्या केळ्याचा व लवंगेचा असे दोन गंध तिच्यात स्वभावतःच उत्पन्न होतात. लवंग म्हटली की आपल्या गोड्या मसाल्याचे स्मरण झाल्यावाचून राहत नाही. शेंगदाण्याचे कूट, खोबरे, गूळ, चिंच आणि गोडा मसाला यांनी सिद्ध झालेली भरली वांगी या बिअरबरोबर खाऊन पाहावीत. मसाल्यातली लवंग बिअरमधल्या लवंगगंधाला साद घालते, केळ्याचा गंध गुळाच्या अंगाने जातो, आणि बुडबुड्यांच्या योगाने कुटाचा तेलकटपणा जिभेवरून निघून गेल्यामुळे दुसरा घास पहिल्याइतकाच ताजा लागतो. या दोहोंचे माहेर इतके दूर असूनही त्यांचा असा मेळ बसावा, याचे मला दर वेळी मनापासून कौतुक वाटते.

बेल्जियन पद्धतीची गव्हाची बिअर निराळी. तिच्यात धणे आणि संत्र्याची साल घालण्याची प्रथा आहे. तेव्हा वाफवून खरपूस तळलेली कोथिंबीर वडी हा तिचा स्वाभाविक सोबती. एकाच वनस्पतीचे पान ताटात आणि बी ग्लासात, असा हा योग आहे. कोकमाच्या आंबट बिअरला मात्र समुद्रच हवा. रव्यात घोळवून तळलेले बोंबील किंवा सुरमईची तुकडी खाल्ल्यावर मालवणी मनुष्य ज्या कारणास्तव सोलकढीची वाटी तोंडाला लावतो, त्याच कारणास्तव ही बिअर तेथे शोभते : आंबटपणाने स्निग्धता तुटते आणि मिठाने माशाची गोडी वर येते.

खरा कस लागतो तो कोल्हापूरच्या मटणाशी. येथे बहुसंख्य रसिक इंडिया पेल एल मागवितात, आणि येथेच माझा त्यांच्याशी मतभेद आहे. या प्रकारात मद्यांश साडेपाच ते साडेसात टक्के असतो. आणि गव्हाच्या बिअरचा कडवटपणा ८ ते १५ एकक भरतो, तर याच्या अमेरिकी अवताराचा ४० ते ७० एककांपर्यंत जातो. मिरचीतल्या कॅप्सेसिनने जी जळजळ होते ती मद्यार्काने अधिक भडकते, आणि तीव्र कडवटपणाही तिखटाचा दाह शमवीत नाही, उलट त्याला कर्कश करतो. परिणामी तांबड्या रश्श्यातले भाजलेले खोबरे, तीळ, खसखस आणि कांदा-लसूण मसाला यांची जी सूक्ष्म रचना असते, ती लोप पावून तोंडात निव्वळ आग व कडूपणा उरतो. यात पाकसिद्धी व बिअर या दोहोंवरही अन्याय होतो. त्या जागी तांबूस, माल्टप्रधान, बेताच्या मद्यांशाची बिअर घ्यावी. भाजलेल्या माल्टचा रंग व गंध आणि भाजलेल्या खोबऱ्या-कांद्याचा रंग व गंध हे एकाच रासायनिक प्रक्रियेतून निपजतात. म्हणून ते परस्परांत सहज विरघळतात, आणि माल्टचा अंगचा गोडवा तिखटाला आवरून धरतो.

याचा अर्थ कडवट बिअर त्याज्य आहे असा नव्हे. लोण्याचा गोळा ठेवलेल्या, मिरची बेताची घातलेल्या खमंग थालीपिठाबरोबर तिचा कडवटपणा लोण्याचा जडपणा नेमका कापतो. त्याचप्रमाणे भाजक्या जवाच्या काळ्या स्टाउटला मी पुरणपोळीसमोर बसवीन. कॉफीसारखा तिचा कडसर करपटपणा गूळ, जायफळ आणि साजूक तूप यांच्या गोडीला तोल देतो. सणाच्या ताटाशी मद्याची सांगड घालणे ज्यांना रुचणार नाही, त्यांच्या भावनेचा मी आदर करतो. परंतु पुरणपोळी ही सणावाचूनही करता येते.

माझा आग्रह मुख्यतः बिअर तयार करणाऱ्यांकडे व उपाहारगृहांच्या चालकांकडे आहे. यादीत प्रत्येक बिअरपुढे मद्यांश, कडवटपणा आणि ती कोणत्या तारखेला सिद्ध झाली याची नोंद असावी, म्हणजे ग्राहकाला तुलना करता येईल. लहान ग्लासांची सोय सर्वत्र असावी. कारण तुलनेला प्रमाण लागत नाही, लक्ष लागते, आणि थोडे पिऊन अधिक जाणणे हेच या छंदाचे शील आहे. स्वयंपाकघरात थालीपीठ, भरली वांगी, बोंबील आणि रस्सा यांना परदेशी पदार्थांच्या बरोबरीने स्थान मिळावे. आणि जे ब्रूमास्टर आज परदेशी माल्टवर विसंबून आहेत, त्यांनी आपल्या नाचणी-ज्वारीकडे प्रयोगशील दृष्टीने पाहावे. ज्या प्रांतात नाचणीची आंबील पिढ्यान्‌पिढ्या आंबवली जाते, तेथे हे धान्य भांड्यात पडण्यास संकोच कसला?

ब्रुअरी मुंढव्यात उभी राहिली एवढ्याने बिअर आपली होत नाही. यादी लिहिणारा, स्वयंपाक करणारा आणि बिअर घडविणारा हे तिघे एका मेजाभोवती बसून आपल्याच पदार्थांवर तिची पारख करतील, तेव्हाच पुण्याची बिअर हे स्वतंत्र नाव तिला शोभेल. आणि अशी बैठक भरविण्यास ना नवा कायदा लागतो ना नवे भांडवल, म्हणून ती याच मोसमात भरवावी अशी माझी या व्यवसायातल्या मंडळींना विनंती आहे.