विनातारण पत

नागपूरच्या हिस्लॉप महाविद्यालयातील क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी २००१ मध्ये भर पावसात वस्तीतील मुलांना फुटकी बादली लाथाडत खेळताना पाहिले. त्यांनी त्या मुलांना चेंडू दिला. त्यातून ‘स्लम सॉकर’ उभी राहिली आणि तिच्यात घडलेला अखिलेश पॉल २०१० मध्ये रिओच्या बेघरांच्या विश्वचषकात भारताचा कर्णधार झाला.

चेंडू मिळाला म्हणून भय लगेच सरत नाही. नवखा खेळाडू चेंडू येताच तो दुसऱ्याकडे ढकलून मोकळा होतो. चुकल्यास चारचौघांत बोलणी खावी लागतील, ही धास्ती. (गल्ल्यावर प्रथमच बसलेल्या चिरंजीवांची धास्ती निराळी नसते.) बाजारात नवख्याला पहिला माल विश्वासावरच उधार मिळतो. चेंडू गमावणाऱ्यालाच पुढचा पास देण्यास प्रशिक्षकाने सांगितले, की तो हळूहळू मान वर करून खेळू लागतो.