बापाच्या रजेचं काय?

हिंजवडीत संध्याकाळी साडेसहा म्हणजे अमेरिकेत ऑफिस उघडायची वेळ. इथल्या पाळणाघराला मात्र सातला कुलूप लागतं. ‘पाचच मिनिटांचा कॉल’ म्हणून सुरू झालेली मीटिंग पावणेसातलाही रेंगाळत असते आणि खुर्चीच्या कडेवर बसून घड्याळाकडे बघणारी बहुधा आई असते. त्याच मुलाचा बाप दोन इमारती पलीकडे असाच कॉल निवांत घेत असतो. अप्रेजलमध्ये ‘वेळ देत नाही’ हा शेरा कुणाला मिळतो, हे सांगायला नकोच.

१९७४ साली टेल्कोच्या जाहिरातीत स्त्रियांनी अर्ज करू नये असं स्पष्ट छापलं होतं. बंगळुरूत शिकणाऱ्या सुधा कुलकर्णींनी, म्हणजे पुढच्या सुधा मूर्तींनी, थेट जेआरडी टाटांना पोस्टकार्ड धाडलं. मुलाखतीचं बोलावणं आलं आणि टेल्कोला पहिली स्त्री इंजिनिअर मिळाली. आज तसं कुणी छापत नाही. त्याऐवजी मुलाखतीत सहज विचारल्यासारखं विचारतात, ‘लग्नाचं काय ठरलंय?’

भरतीचा प्रश्न बराच सुटला आहे. टीसीएसमध्ये एक तृतीयांशाहून जास्त कर्मचारी स्त्रिया आहेत. अडतं ते पुढे. कंपनीच्या २०२२-२३ च्या वार्षिक अहवालात तेव्हाचे मनुष्यबळ प्रमुख मिलिंद लक्कड यांनी नोंदवलं, की एरवी नोकरी सोडणाऱ्या स्त्रियांचं प्रमाण पुरुषांइतकं किंवा कमी असायचं, त्या वर्षी ते जास्त निघालं. साथीच्या काळात घरून काम करताना काहींची घरची घडी बदलली आणि ती ऑफिसशी पुन्हा जुळली नाही, असा त्यांचा कयास होता. कयास पटण्यासारखा आहे. पण ती दोन वर्षं पुरुषही त्याच घरांत बसून होते. त्यांची घडी कशी बदलली नाही?

स्त्रियांना हे काम झेपत नाही म्हणून त्या सोडतात, या समजाला तर साठ वर्षांपूर्वीच उत्तर मिळालं आहे. इंग्लंडमध्ये स्टेफनी शर्ली यांनी १९६२ मध्ये अवघ्या सहा पौंडांवर सॉफ्टवेअर कंपनी काढली. मुलं झाल्यावर नोकरी सुटलेल्या प्रोग्रामर स्त्रियांना त्यांनी घरबसल्या काम दिलं. पहिल्या तीनशे कर्मचाऱ्यांत पुरुष तिघेच. गिऱ्हाइकांना पाठवलेल्या पत्रांना उत्तरं येईनात, तेव्हा त्या ‘स्टीव्ह’ अशी सही करू लागल्या. फोनवर बोलताना घरातल्या मुलाचा आवाज झाकायला त्या टाइपरायटरच्या खडखडाटाची टेप लावत! कॉन्कॉर्ड विमानाच्या ब्लॅक बॉक्सचं प्रोग्रामिंग याच बायकांनी केलं. बायका त्याच होत्या, फक्त कामाची वेळ त्यांना जमेल अशी होती.

आपल्याकडे कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीने बाळंतपणाची भरपगारी रजा १२ आठवड्यांवरून २६ वर गेली आणि ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी पाळणाघर बंधनकारक झालं. चांगलंच झालं. मात्र आयटीत त्या रजेचा पगार बहुतेक कंपनीच्याच खिशातून जातो आणि केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्याला मिळते तशी १५ दिवसांची पितृत्व रजासुद्धा खासगी नोकरीतल्या बापाला या कायद्याने दिली नाही. समोर सारख्याच गुणांचे दोन उमेदवार बसले की मॅनेजर मनातल्या मनात गणित मांडतो: ही सहा महिने जाईल, हा जाणार नाही. गणित वाईट असलं तरी आकडे कायद्यानेच पुरवलेत.

नॉर्वेने १९९३ मध्ये पालकत्वाच्या रजेतले चार आठवडे फक्त वडिलांसाठी राखून ठेवले. त्यांनी घेतले नाहीत तर ते बुडत. तोवर तिथेही अशी रजा घेणारे बाप मोजकेच होते. काही वर्षांतच बहुतेक बाप ती घेऊ लागले. (‘आमच्याकडच्या पुरुषांना असलं जमायचं नाही’ हे तिथेही कुणीतरी म्हटलंच असेल.)

इथल्या बड्या कंपन्यांना त्यासाठी नव्या कायद्याची वाट बघायची गरज नाही. हक्काची, न घेतल्यास बुडणारी, निदान आठ आठवड्यांची रजा त्यांनी बापांना आजच द्यावी. आणि ८ मार्चला गुलाब नि केक वाटून झाल्यावर वार्षिक अहवालात एक रकाना वाढवावा: यंदा किती जण बाप झाले आणि त्यांतल्या किती जणांनी ती रजा पूर्ण घेतली.