दोन शाखा, एक खातेदार

माझ्या पत्नीच्या रुमॅटॉइड आर्थ्रायटिसला, म्हणजे आपल्याकडे ज्याला आमवात म्हणतात त्याला, आता अकरा वर्षे झाली. सकाळी उठल्यावर तासभर तिची मूठ वळत नाही. चहाचे आधण मी ठेवतो, दुधाच्या पिशवीचे टोक मी कापतो. या अकरा वर्षांत रक्ताचे कितीतरी अहवाल झाले, हातापायांचे एक्स-रे झाले, गोळ्या बदलल्या. पण ‘जरा तोंड उघडा बघू’ असे तिला कोणी म्हटले नाही. दात घासताना रक्त येई. आम्हीही ते वयाच्या नावे टाकून मोकळे झालो होतो.

गेल्या दिवाळीनंतर तिची एक दाढ हलू लागली, म्हणून आम्ही गल्लीतल्या दवाखान्यात गेलो. दंतवैद्य मुलगी आमच्या लेकीच्या वयाची. चूळ भरण्याचा पेला हिने दोन्ही हातांनी धरलेला तिने पाहिला आणि विचारले, ‘‘काकू, सकाळी बोटं आखडतात का?’’ मग माझ्याकडे वळून म्हणाली, ‘‘काका, सांध्यांच्या डॉक्टरांना हिरड्यांचंही सांगा. दोन्हींचा संबंध असू शकतो.’’

मी आयुष्य बँकेत काढले. तिथे दोन शाखांमधल्या नोंदींचा ताळमेळ घालणारा एक कंटाळवाणा विभाग असे. एका शाखेने नावे टाकलेली रक्कम दुसरीकडे जमा दिसली पाहिजे, एवढेच त्याचे काम. दोन्ही शाखांची पुस्तके आपापल्या जागी बिनचूक असत. घोटाळा असे तो मधल्या जागेत. त्या मुलीचे बोलणे ऐकून मला हाच विभाग आठवला. घरी आल्यावर मी वाचायला बसलो.

संशोधक सांगतात ते थोडक्यात असे. सुजलेल्या हिरड्यांच्या फटीत पॉर्फिरोमोनास जिंजिव्हॅलिस नावाचा जंतू राहतो. त्याच्याजवळ एक विकर असते. प्रथिनांमधल्या आर्जिनिन या घटकाचे ते सिट्रुलिन करून टाकते. अशी बदललेली प्रथिने आपलीच असूनही शरीराच्या पहारेकऱ्यांना परकी वाटू शकतात, आणि त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार होतात. आमवाताच्या निदानासाठी रक्ताची जी अँटी-सीसीपी तपासणी करतात, ती याच जातीची प्रतिपिंडे शोधते. काही रुग्णांत ती सांधे सुजण्याच्या कित्येक वर्षे आधीपासून रक्तात असतात. 2016 साली अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांनी हिरड्यांमधल्या आणखी एका जंतूकडे बोट दाखवले. मात्र हिरड्यांमुळेच आमवात होतो, असे कोणी छातीठोकपणे सांगत नाही. अनुवंशिकता आहे, धूम्रपान आहे. आणि आखडलेल्या बोटांनी दात नीट घासता येत नाहीत, हा उलटा संबंधही आहेच.

या सावधपणाला इतिहास आहे. 1910 साली विल्यम हंटर या ब्रिटिश डॉक्टरांनी माँट्रियलमधल्या भाषणात तोंडातल्या पुवावर अनेक रोगांचे खापर फोडले. पुढे सांधेदुखीवर उपाय म्हणून चांगले दातसुद्धा उपटले गेले. 1938 मध्ये सेसिल आणि अँजेव्हाइन या अमेरिकन डॉक्टरांनी दोनशे रुग्णांचा हिशेब मांडला. या उपटाउपटीचा फायदा काही दिसेना. मग लंबक दुसऱ्या टोकाला गेला आणि सांध्यांच्या विचारातून तोंड जवळजवळ बादच झाले.

तशी ही फाळणी जुनीच. 1840 साली बाल्टिमोरला दंतवैद्यकाचे स्वतंत्र महाविद्यालय निघाले. आपल्याकडे 1948 साली दंतवैद्यांचा कायदाही वेगळाच झाला. आरोग्य विम्यातून नेहमीचे दातांचे उपचार बहुधा वगळलेले असतात. जणू दात हा अवयव नसून दागिना आहे!

मधुमेहाच्या बाबतीत तर हा ताळमेळ अधिक पक्का आहे. साखर वाढली की हिरड्यांचा रोग बळावतो, आणि हिरड्यांची जुनी सूज साखर आटोक्यात येऊ देत नाही. आमवातासाठी स्टेरॉइड घेणाऱ्यांची साखर त्यानेही वाढू शकते. रोग तीन, डॉक्टर तीन, फाइली तीन. खातेदार मात्र एकच.

हिच्या हिरड्या खोलवर साफ करून घेतल्या. त्याआधी चालू गोळ्यांची यादी दंतवैद्याला दाखवली. एकही गोळी मनाने बंद केली नाही. ब्रशच्या दांड्याला जुने कापड गुंडाळून मी तो जाड केला, आता तिला तो पकडता येतो. सांधे बरे झाले का? नाही. सकाळची मूठ अजून वळत नाही. हिरड्यांच्या उपचाराने आमवात कितपत उतरतो, याबद्दल प्रयोगांचे निष्कर्षही एकसारखे नाहीत. पण रक्त थांबले आहे आणि ती पुन्हा भाकरी चावून खाते. आमच्या घरात ही लहान गोष्ट नाही.

सांध्यांच्या डॉक्टरांना मी दोष देत नाही. बाहेरची रांग मी पाहिली आहे. पण ‘हिरड्यांतून रक्त येतं का?’ हे विचारायला कितीसा वेळ लागतो? तोवर हा ताळमेळ आपणच घालायचा. पुढच्या खेपेला दोन्ही डॉक्टरांना दुसऱ्याचे कागद दाखवा. अकरा वर्षे मी तिच्याशेजारच्या खुर्चीत बसून होतो; मलाही हे सुचले नाही, याची रुखरुख आहे.