फिजिक्स शिकून काय मिळणार?

मावळातल्या, लोणावळ्यातल्या एखाद्या मुलीने फिजिक्समध्ये संशोधन करायचं म्हटलं, की घरात पहिला प्रश्न येतो, "त्याने काय मिळणार?" आपल्या मुस्लिम घरांत तर तो जरा जास्तच येतो. प्रश्न चुकीचा नाही, पोट सगळ्यांनाच आहे. पण त्याचं एक उत्तर आपल्या अगदी जवळ आहे.

घाट उतरून पनवेलच्या पुढे गेलं की खारघर लागतं. तिथल्या टाटा मेमोरियलच्या केंद्रात २०२३ मध्ये कॅन्सरवर प्रोटॉनचे उपचार सुरू झाले. साध्या एक्स-रे किरणांचा शेक गाठीच्या आरपार जातो. प्रोटॉन मात्र ठरावीक खोलीवर थांबतो आणि थांबतानाच सगळ्यात जास्त ऊर्जा सोडतो. त्यामुळे गाठीमागचा निरोगी भाग बराचसा वाचतो.

ही कल्पना १९४६ मध्ये रॉबर्ट विल्सन यांनी एका शोधनिबंधात मांडली. ते डॉक्टर नव्हते, कणांना वेग देणारी यंत्रं बांधणारे भौतिकशास्त्रज्ञ होते. आपल्याकडेही वैश्विक किरणांवर निबंध लिहिणारे होमी भाभा ज्या अणुऊर्जा विभागाचे प्रमुख होते, त्याच विभागाकडे १९६२ मध्ये टाटा मेमोरियल रुग्णालय आलं.

निबंध ते खारघर, मध्ये ७७ वर्षं गेली. इल्मचं फळ कधीकधी नातवंडांच्या वाट्याला येतं. म्हणून आपल्या जमातींनी शिष्यवृत्त्या इंजिनिअरिंग आणि मेडिकलपुरत्या ठेवू नयेत. फिजिक्सवाल्या मुलीचीही फी भरावी.