सुटीतील सेवा आणि मुलांना दिलेला शब्द

वार्षिक परीक्षा आटोपून उन्हाळ्याची सुटी जवळ आली म्हणजे पालकवर्गाची आमच्याकडे ये-जा वाढते. बहुतेकांचा प्रश्न एकच असतो : सुटीत मुलाला कोणत्या क्लासात घालावे? दोन वर्षांपूर्वी मात्र एक गृहस्थ निराळीच तक्रार घेऊन आले. त्यांचा मुलगा आमच्या शाळेतून बाहेर पडून नुकताच बारावीची परीक्षा देऊन मोकळा झाला होता. मंडळीतील तरुणांबरोबर खेडोपाडी जाऊन लहान मुलांचे वर्ग घ्यावयाचे, त्यांना शास्त्रातील गोष्टी सांगावयाच्या, गाणी शिकवावयाची, असा त्याने निश्चय केला होता. "सर, पोरगा हुशार आहे. महिनाभर गावोगाव हिंडून त्याच्या पदरात काय पडणार? तुम्ही तरी त्याला समजवा," असे ते काकुळतीने म्हणाले.

सायंकाळी मुलगाही आला. त्याच्या हातात मोठ्या सुबक अक्षरांत लिहिलेला प्रवासाचा तक्ता होता. चाळीस दिवस, वीस गावे, प्रत्येक गावी दोन दिवस. शेवटच्या रकान्यात प्रत्येक ठिकाणी अंदाजे किती मुले जमतील तो आकडा आणि खाली त्यांची बेरीज. बेरीज पाहून कोणाचेही मन हरखून जावे अशी होती.

आम्ही वडिलांना सांगितले, "त्याला जाऊ द्या." मुलाला सांगितले, "हा तक्ता फाडून टाक." दोघेही आमच्यावर थोडे रुष्ट झाले. दोघांना दिलेली ही दोन उत्तरे परस्परविरुद्ध नाहीत, हे दाखवावे म्हणून हा लेख लिहिण्याचे योजिले आहे.

मुलांमध्ये सेवा करण्याची जी परंपरा आपल्यापर्यंत आली आहे तिचा उगम पाहावा. इंग्लंडातील ग्लॉस्टर शहरी १७८० साली रॉबर्ट रेक्स ह्या वृत्तपत्रकाराने रविवारची शाळा काढली. त्या शहरातील गरिबांची मुले आठवड्याचे सहा दिवस कामावर राबत; मोकळा सापडे तो रविवार. म्हणून शाळा रविवारी आली, आणि तीत धर्मशिक्षणाबरोबर वाचनही शिकविले जाऊ लागले. पुढे १८९८ साली न्यूयॉर्कमध्ये एलायझा हॉज ह्या बाईंनी उन्हाळ्यात रस्त्यांवर हिंडणाऱ्या मुलांसाठी रोजची बायबल शाळा भरविली. जागा मिळाली ती भाड्याने घेतलेल्या एका मद्यगृहाची! थोड्याच वर्षांत रॉबर्ट बोव्हिल ह्यांनी ती कल्पना उचलून आणखी शाळा काढल्या आणि धर्मविद्यालयातील तरुण विद्यार्थ्यांना शिक्षक म्हणून नेमले. सुटीत तरुणांनी मुलांची सेवा करावी, ह्या रिवाजाचे मूळ येथे सापडते. आपल्या महाराष्ट्रातही अमेरिकन मराठी मिशनने १८७२ साली 'बालबोधमेवा' हे मासिक केवळ मुलांसाठी सुरू केले. ह्या सर्वांनी प्रथम एकच प्रश्न विचारला होता : हे मूल मोकळे केव्हा असते, आणि त्याला कशाची गरज आहे? स्वतःस सवड केव्हा आहे, हा प्रश्न त्यांनी मागाहून विचारला. आमच्या विद्यार्थ्याच्या तक्त्यात सर्व काही होते. हा पहिला प्रश्न तेवढा नव्हता.

दुसऱ्यास दोष देण्यापूर्वी आमचा स्वतःचा दोष सांगणे उचित होईल. बावीस-तेवीस वर्षांचे असताना आम्हीही अशाच एका उन्हाळी फेरीस गेलो होतो. दोन दिवस एका गावी, दोन दिवस दुसऱ्या. एका गावी आठ-नऊ वर्षांचा एक मुलगा आमच्या चित्रांच्या पुस्तकापासून हलेना. निघताना त्याने एस. टी.च्या थांब्यापर्यंत आमची पिशवी वाहून आणली आणि विचारले, "परत कवा येणार?" आम्ही सहज म्हणालो, "येऊ की लौकरच. आणि येताना तुला असेच पुस्तक आणू." आम्ही गेलो नाही. प्रथम नोकरी आली, मग संसार आला. आज त्या गावाचे नावही आम्हांस आठवत नाही. त्या मुलाला मात्र आमचे बोलणे पुष्कळ दिवस आठवले असेल, असे राहून राहून वाटते. फेरीच्या अहवालात त्या गावापुढे मुलांची संख्या लिहिली होती. मोडलेल्या शब्दासाठी अहवालात रकाना नसतो.

असो. आमच्या विद्यार्थ्याने तक्ता फाडला नाही. पण वीस गावे खोडून एक वाडी ठेवली. ती पाथर्डी तालुक्यात, म्हणजे २०२४ साली ज्याचे नाव अहिल्यानगर झाले त्या आपल्या जुन्या अहमदनगर जिल्ह्यात. त्या भागातील आणि शेजारच्या बीड जिल्ह्यातील पुष्कळ कुटुंबे दसरा-दिवाळीच्या सुमारास घराला कुलूप लावून ऊसतोडीला जातात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवराबायको मिळून एक 'कोयता' धरला जातो. गळीत हंगाम संपेपर्यंत, म्हणजे साधारण मार्च-एप्रिलपर्यंत, कारखान्याच्या आसपास खोपीत राहावयाचे. मुले बरोबर असतात. कोठे साखरशाळा, कोठे हंगामी वसतिगृह अशी सोय आहे. परंतु ती सर्वांस लाभत नाही. सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला शिक्षणाचा हक्क देणारा कायदा २००९ साली झाला. पण फडावर धाकट्या भावंडास सांभाळणाऱ्या मुलीपर्यंत हक्क चालत जात नाही, कोणी तरी तो न्यावा लागतो. अशा मुलांचे स्वतःच्या गावात सलग मुक्काम करण्याचे दिवस म्हणजे उन्हाळा. ग्लॉस्टरच्या मुलांचा जसा रविवार, तसा ह्या मुलांचा वैशाख.

आमचा विद्यार्थी व त्याचा एक सोबती तेथे महिनाभर राहिले. पहिल्या आठवड्यात सकाळचा वर्ग ओस पडला. कारण सकाळी टँकर येई आणि सारी मुले हंड्यांच्या रांगेत उभी असत. मग वर्ग सायंकाळी लिंबाखाली भरू लागला. येथे हेही लक्षात घ्यावे की दोनच दिवस राहणारा मनुष्य 'येथील मुलांना आवड नाही' असे लिहून पुढच्या गावी निघून गेला असता.

एके दिवशी त्याने हरवलेल्या मेंढराचा दाखला सांगितला. शंभर मेंढरांपैकी एक चुकले, तेव्हा मेंढपाळ नव्याण्णव रानात सोडून त्या एकाच्या शोधास गेला. शहरातील संडे स्कूलमध्ये ही गोष्ट सांगितली की मुले मान डोलावतात. येथे मात्र शेळ्या राखणारा एक मुलगा उठून म्हणाला, "मग त्या बाकीच्यांपाशी कोण व्हतं? लांडगा आला म्हंजी?" आमचा विद्यार्थी निरुत्तर झाला. परत आल्यावर त्याने हा प्रश्न आम्हांस विचारला. आम्ही वीस वर्षे हा दाखला वर्गात शिकवीत आहो. पण ज्याने खरोखर शेळ्या राखल्या आहेत त्याच्या डोळ्यांनी तो कधी पाहिला नव्हता. पुष्कळ विचार करून आम्ही एवढेच म्हणालो की, त्या मेंढपाळाला परत यावयाचे होते. तो कळपाचा होता, वाटसरू नव्हता. म्हणूनच त्याचे जाणे म्हणजे सोडून जाणे ठरले नाही.

एक दहा वर्षांची मुलगी रोज धाकट्या भावाला कडेवर घेऊन येई. अक्षरओळख जेमतेम, पण तोंडी बेरीज अशी करी की शिकविणाराच मागे पडे. फडावर आईने बांधलेल्या मोळ्या मोजता मोजता ती हिशोब शिकली होती. तिला महिन्याभरात स्वतःचे, आईचे आणि वाडीचे नाव लिहिता येऊ लागले. निघताना आमच्या विद्यार्थ्याने सर्वांना सांगितले, "दिवाळीच्या सुटीत येईन, नव्या वह्या घेऊन."

तो आपल्या बापूसारखा, म्हणजे आमच्यासारखा, निघाला नाही. तो दिवाळीत खरोखर गेला. वाडीत दारोदार कुलपे. एक म्हातारी तेवढी ओट्यावर बसली होती. "पोरं कारखान्याला गेली, बाबा. आता उन्हाळ्यातच गाठ पडंल. वह्या ठिव इथं, मी देते." महिनाभर ज्यांच्याबरोबर राहिला त्यांचे वर्ष कसे फिरते, हे त्याला ठाऊक असूनही त्याने शब्द दिला तो आपल्या कॉलेजच्या सुटीप्रमाणे दिला. वह्या म्हातारीजवळ ठेवून तो परतला. गेल्या उन्हाळ्यात तो पुन्हा तेथे गेला, तेव्हा म्हातारीने पिशवी जशीच्या तशी काढून दिली. त्या मुलीने आपली वही उघडली, आणि पहिल्या पानावर वाडीचे नाव लिहिले.

ह्यावरून आमचे मत बनले आहे ते असे. मुलांमधील सेवा म्हणजे मुलांना दिलेला शब्द होय. तो जेवढा पाळता येईल तेवढाच द्यावा. वीस गावांना दिलेल्या वीस शब्दांपेक्षा एका वाडीस दिलेला व पाळलेला एक शब्द अधिक मोलाचा.

काही बंधू म्हणतात, "आपले काम बी पेरण्याचे, उगवणे देवाच्या हाती." म्हणणे खरे आहे, परंतु आपल्या जिल्ह्यातील कोणत्याही शेतकऱ्यास विचारावे. पाभर चालवून झाली म्हणजे तो घरी निजून राहत नाही. कोळपणी आहे, खुरपणी आहे, राखण आहे. उगवणे देवाच्या हाती असले तरी राखण आपल्याच हाती आहे.

ह्या वर्षी जे तरुण सेवेस जाऊ इच्छितात त्यांस चार गोष्टी सांगाव्याशा वाटतात. पहिली, आईबापांच्या संमतीवाचून त्यांच्या मुलांना एकही पाठ देऊ नये. उघड्यावर, घरच्या माणसांच्या देखत वर्ग घ्यावा, आणि एकट्या मुलाला एकट्या शिक्षकाने कोठे नेऊ नये. दुसरी, खाऊ द्यावयाचा तर सर्वांस सारखा द्यावा. गोष्ट ऐकण्याचे किंवा प्रार्थनेस बसण्याचे मोल म्हणून देऊ नये. विकत घेतलेले कान ऐकत नाहीत. तिसरी, मुलांची छायाचित्रे मोबाईलवर काढून चारचौघांत पसरू नयेत. आपल्या बहिणीचे फाटक्या परकरातील चित्र आपण लोकांस दाखवीत नाही. मग दुसऱ्याच्या बहिणीचे का दाखवावे? चौथी, जे गाणे शिकवावयाचे ते मुलांच्या जिभेवर बसणारे असावे. नारायण वामन टिळकांनी भजन-कीर्तनाची वाट धरली ती उगीच नव्हे. आणि त्यांच्या ओव्या, त्यांची कोडी आपणही शिकून यावी. जो नुसते शिकवून येतो तो अर्धेच काम करून येतो.

ख्रिस्ती नसलेले आमचे विद्यार्थी विचारतील की, ह्यात आमचा वाटा कोणता? अक्षर शिकविण्यास, गोष्ट वाचून दाखविण्यास, हंडा उचलू लागण्यास कोणत्याही धर्माची आडकाठी नाही. प्रत्येकाच्या ओळखीची एखादी वाडी, एखादी वस्ती असतेच.

आणि त्या गृहस्थांच्या प्रश्नाचे काय? मुलाच्या पदरात काय पडले? परवा ते पुन्हा भेटले. म्हणाले, "सर, आता तो घरी 'येतो' म्हणून सांगून गेला की सांगितलेल्या वेळी येतो." त्यांनी हे हसत हसत सांगितले, आम्हांस मात्र ती फार मोठी मिळकत वाटली. परीक्षेतील गुण वाढविणारे वर्ग गल्लोगल्ली आहेत. बोलल्याप्रमाणे वागण्याचा वर्ग त्या मुलाला वाडीतील लिंबाखाली सापडला, आणि तेथील शिक्षक दहा वर्षांचे होते.

विद्यार्थिमित्रहो, सुटीत अवश्य प्रवास करा, सेवा करा. निघण्यापूर्वी मात्र एवढे ठरवून निघा की, "परत कवा येणार?" असे कोणी विचारले तर उत्तर काय द्यावयाचे. जे उत्तर द्याल त्याची तारीख त्यांच्या पंचांगात पाहून द्या, आणि घरी येताच आपल्या वहीत लिहून ठेवा.